चव्वेचाळीस जाळ्या

कुत्र्याच्या पाण्यावर बर्फाची पापडी.

कुंभारीण माशी चिखलाचं घरटं बांधते. तिला अरुंद आणि कोरडी भोकं आवडतात.

मिनेसोटाचा माणूस तळ्यात बुडत असला आणि काठावरून कोणी विचारलं, ‘कसं काय?’, तर तो म्हणतो, ‘वाईट नाही.’

मेसा शहरात कोरीनकडे एक खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला.

‘गुरुवार, सकाळी दहा. मोठा तंबू. तुमचा हीटर थंड हवा फेकतो? दहा मिनिटांत इलाज! वक्ते : वेंडेल ऑस्टबी. खुर्ची ज्याची त्याने आणावी.’

चार स्क्रू उरले.

हे शेवटचं मंगळवारचं. सुरुवात सोमवारी झाली.

सोमवारी सकाळी साडेसहाला वेंडेल ऑस्टबीने पांघरुणातून एक हात बाहेर काढला, भिंतीवरचा थर्मोस्टॅट वर सरकवला आणि हात परत आत घेतला. टक्. पंखा सुरू झाला. वेंडेल डोळे मिटून पडून राहिला. पाच मिनिटं गेली. पंखा घरघरत होता, पडदे हलत होते आणि मोटरहोमच्या त्या दहा पावलांच्या घरात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली जानेवारी छानपैकी खेळती राहिली होती.

“वेंडेल,” शेजारून आर्डिस म्हणाली, “हे गार आहे.”

“तापायला वेळ लागतो.”

“काल रात्रीही तू हेच म्हणालास.”

“काल वारा होता.”

वारा आजही होता. रविवारपासून तो पश्चिमेकडून सुटला होता आणि पिठासारखी बारीक धूळ मिळेल त्या फटीत भरत होता. आर्डिस उठून बसली आणि खोकायला लागली. तिचा खोकला वेंडेलला पाठ होता. मागच्या हिवाळ्यात याच खोकल्याचा न्यूमोनिया झाला होता आणि ती अकरा दिवस इस्पितळात होती. त्या अकरा दिवसांत वेंडेलने नर्सना ऑक्सिजनच्या नळ्या कशा जोडाव्यात ते समजावून सांगितलं होतं.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, “गुरुवारी बर्डी मेसाला जातेय, दातांसाठी. तिच्या गाडीत जागा आहे.”

“मेसाला काय आहे?”

“कोरीन आहे. बहिणीकडे गरम खोली आहे. मी गुरुवारपर्यंत बघते, वेंडेल. आणि गेले तर मग उगाच ये-जा करणार नाही. दोन वर्षं चाकांवर राहिले, पुष्कळ झालं.”

ती हे आवाज न चढवता बोलली. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिने आवाज चढवून सांगितलेल्या गोष्टी वेंडेल विसरला होता. न चढवता सांगितलेल्या तीन होत्या, त्या तिन्ही घडल्या होत्या.

“गुरुवार?” तो म्हणाला. “आर्डिस, मी दहा मिनिटांत करून देतो.”

*

*वे. ऑस्टबी यांच्या पत्रकातून :* घाबरू नका. हीटर हा साधा प्राणी आहे. त्याला तीन गोष्टी लागतात : गॅस, वीज आणि समजूतदार मालक.

*

वेंडेल म्हणजे कोण, हे तळावर नव्याने आलेल्याला पहिल्या तासातच कळायचं, कारण वेंडेल स्वतः सांगायला जायचा. मिनेसोटातल्या डुलुथच्या वीज कंपनीत तो तीस वर्षं सुरक्षिततेवर भाषणं देत होता. खांबावर तो कधी चढला नव्हता. खांबावर चढणाऱ्यांनी कसं चढावं हे सांगायला मात्र त्याला राज्यभर बोलावत. निवृत्त झाल्यावर ऐकणारे गेले आणि मग त्याला हा तळ सापडला. उन्हासाठी उत्तरेकडून खाली उतरलेली म्हातारी माणसं, पन्नासेक मोटरहोम, रिकामा वेळ आणि उठून जायला कुठेच जागा नाही. वक्त्याला आणखी काय हवं?

जाळीचा शोध त्याने नोव्हेंबरात लावला. हीटरची धूर सोडायची आणि हवा घ्यायची तोंडं गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतात. त्यांत कुंभारीण घरटं करते. मग त्यावर जाळी बसवली तर? हार्डवेअरच्या दुकानातून त्याने सर्वांत बारीक तारेची जाळी आणली, कात्रीने तुकडे केले, कडा दुमडल्या आणि कोपऱ्यात काळ्या मार्करने ‘वे. ऑ.’ लिहून चव्वेचाळीस गाड्यांना जाळ्या स्वतः नेऊन बसवल्या. फुकट. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, आणि प्रश्न विचारलेले वेंडेलला आवडत नसत.

सोमवारी त्याने पत्रकाप्रमाणे सुरुवात केली. गॅस आहे का? शेगडी पेटवली, निळी ज्योत आली. आहे. वीज आहे का? बॅटरीला मीटर लावला, पुरेशी होती. मग तो मधल्या बोळात पोटावर झोपला आणि हीटरचं झाकण काढून कान लावला. पंखा फिरतो. टिक्-टिक्-टिक् ठिणगी पडते. फुप् करून ज्योत पेटते. आणि दोन श्वासांत विझते. पुन्हा टिक्-टिक्. पुन्हा फुप्. तीन वेळा असं झालं की हीटर नाद सोडतो आणि नुसता पंखा फिरवत बसतो.

“काय म्हणतोय?” आर्डिसने विचारलं. तिने कोटावर कोट घातला होता आणि दोन्ही हातांनी कॉफीचा मग धरला होता.

“सर्किटचा घोटाळा आहे.”

“मी बघू का?”

“गॅसचं काम आहे, आर्डिस.”

“बरं. मग मर्व्हला बोलाव. कॅनडात, सस्कॅचेवानला त्याने तीस वर्षं हीटरच दुरुस्त केले.”

वेंडेलने बोळातूनच मान वळवली. जमिनीवर पालथा पडलेल्या माणसाला जेवढा तोरा दाखवता येतो तेवढा दाखवून तो म्हणाला, “मर्व्ह गुरुवारी माझ्या वर्गाला येणार आहे. विद्यार्थी म्हणून.”

*

दुपारी चारला सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन गोल करून बसतात. ज्याने त्याने आपलं पेय आणायचं, मध्ये कुणीतरी खारे शेंगदाणे ठेवायचे. हा इथला रिवाज. सोमवारी आणि मंगळवारी त्या गोलात कोट, कानटोप्या, दोन-दोन मफलर आणि एक झोपायची गोधडी होती.

“तुमच्याकडे काय हवामान?” वेंडेलने आयोवाच्या डुएनला विचारलं. स्वतःकडचा विषय निघायच्या आत दुसऱ्याकडचा काढलेला बरा.

डुएनने आयुष्यभर डुकरं पाळली होती आणि आयुष्यात कधी कोणाला दुखावलं नव्हतं. त्याचं नाक लाल होतं. “आमच्याकडे? अरे, भट्टी नुसती. फिलिस तर पांघरूण लाथाडते.”

फिलिसने गोधडी आणखी वर ओढली. “लाथाडतेच,” ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.

“जाळीचा त्रास नाही ना काही?”

“जाळीचा? छे! जाळी म्हणजे… अशी जाळी मी पाहिलीच नव्हती,” डुएन म्हणाला. हे अगदी खरं होतं.

“मर्व्ह, तुझ्याकडे?”

मर्व्ह मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस. त्याने शेंगदाणा सोलला, नीट पाहिला, खाल्ला. “वाईट नाही.”

“आमच्याकडेही वाईट नाही,” वेंडेल म्हणाला. आर्डिस त्याच्याकडे बघत होती. त्याने शेंगदाणे घेतले.

गोलात एकच बाई उघड्या मानेने बसली होती. बर्डी क्वाइन, वय एकाहत्तर. ओक्लाहोमात खडीचे ट्रक चालवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी आणि कोणाचं मन राखायचं शिक्षण कधी न मिळालेली. अंगात एकच सदरा.

“प्रोफेसर, तुझी जाळी झक्क आहे हं,” ती म्हणाली. “मी बीन्स त्यातच निथळते.”

वेंडेलने पेला खाली ठेवला. “काढलीस? हीटरवरून?”

“परवाच काढली. स्वयंपाकाला लागते.”

“बर्डी, ती निथळायला नाही. उद्या कुंभारणीने घर केलं म्हणजे रडत येशील माझ्याकडे.”

“या गारठ्यात?” बर्डी म्हणाली. “कुंभारीण असेल कुठंतरी कोट घालून, फिलिससारखी.”

फिलिस हसली आणि लगेच वेंडेलकडे बघून हसायची थांबली.

आता इथे कोणालाही वाटेल, की एक जाळी काढलेली बाई सदऱ्यावर बसलीय आणि जाळी लावलेले सगळे कुडकुडताहेत, तर माणसाच्या डोक्यात काहीतरी पेटावं. वेंडेलच्याही डोक्यात पेटलं. दोन श्वास टिकलं आणि विझलं. त्याच्या मनात आलं ते एवढंच : अडाणी बाई. गुरुवारी हिचंच उदाहरण द्यायचं, नाव न घेता.

*

*पत्रकातून :* हीटर उघडताना प्रत्येक स्क्रू क्रमाने मांडून ठेवा. उतावळा माणूस स्क्रू हरवतो. (इथे थांबून श्रोत्यांकडे पाहणे. हशा.)

*

मंगळवारी त्याने सर्किटची पट्टी बदलली. जवळ एक होती, वर्गात दाखवायला आणलेली. फरक पडला नाही. मग अख्खा हीटर ओढून बाहेर काढला, फुंकला, पुसला, परत बसवला. चार स्क्रू उरले. ते त्याने खिशात टाकले आणि आर्डिसला सांगितलं की कंपनीवाले जास्तीचे देतात.

बुधवारी त्याने गॅसचा दाब बघितला, तारा हलवल्या, पंख्याच्या वाऱ्याने उचलली जाणारी पत्र्याची पट्टी बोटाने उचलून पाहिली, थर्मोस्टॅट बदलला. आर्डिसने गरम पाण्याची पिशवी छातीशी धरून खुर्चीत बसून हे सगळं बघितलं. बुधवारच्या दुपारी ती बोलली ते एवढंच.

“कोणाला तरी विचार, वेंडेल. एकदाच. मी कोणाला सांगणार नाही.”

“उद्या माझा वर्ग आहे.”

“माहीत आहे.”

“वर्गाच्या आदल्या दिवशी मी मर्व्हच्या दारात जाऊन उभा राहू?”

“हो,” आर्डिस म्हणाली.

एवढ्या साध्या उत्तराला काय म्हणायचं हे तीस वर्षांच्या भाषणांत कुठे आलं नव्हतं. तो पुन्हा बोळात जाऊन झोपला. खोकला वाढला तसं त्याने पंख्याचा आवाज मोठा आहे असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी बर्डी दारात येऊन विचारून गेली की उद्या किती सामान असेल. आर्डिसने सांगितलं, एक बॅग. हे वेंडेलने ऐकलं आणि पत्रकाच्या साठ प्रती मोजल्या.

*

गुरुवारी सकाळी सातला तो बाहेर गाडीच्या अंगाला उभा होता. आतून ऐकून झालं होतं, आता बाहेरून ऐकायचं. आतला थर्मोस्टॅट वर करून तो धावत येऊन धुराच्या तोंडाला कान लावून उभा राहिला. जाळीमुळे नीट ऐकू येईना. जाळी पिवळसर, घट्ट, एखाद्या बिस्किटासारखी झाली होती. चार दिवसांची धूळ. त्याने नुसतं ऐकायला म्हणून ती नखाने उचकटली.

टिक्-टिक्-टिक्. फुप्.

आणि ज्योत राहिली. धुराच्या तोंडातून ऊन वाफ त्याच्या कानावर आली. तो ‘हाय’ करून मागे सरकला.

त्याने जाळी परत दाबून धरली. ज्योत गेली. काढली, हीटर पुन्हा पेटला. लावली, विझला. काढली. असं त्याने पाच वेळा केलं. पाचव्या वेळी त्याला हीटरचं काही बघायचं नव्हतं. आपण सोडून दुसरं काहीतरी कारण निघतंय का एवढंच बघायचं होतं.

निघालं नाही.

तो जाळी हातात घेऊन उभा राहिला. कोपऱ्यातलं ‘वे. ऑ.’ छान उमटलं होतं. मार्कर चांगला होता. वाळवंटात दूरवर गाड्या दिसत होत्या, चव्वेचाळीस, आणि बर्डीची सोडली तर प्रत्येकीच्या अंगावर त्याचं नाव.

आत गेला तर आर्डिस गरम हवेच्या तोंडाशी पाय धरून बसली होती. कुत्रा तिच्या पायांवर आडवा. तिने वर बघितलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

“केलंस,” ती म्हणाली. “काय होतं?”

सांगायला फार वेळ लागला नसता. दोन शब्द होते.

“वारा,” वेंडेल म्हणाला. “वाऱ्याचा उलटा दाब. थोडी जुळवाजुळव करावी लागली.”

“बॅग रिकामी करू मग?”

“अर्थात!” तो म्हणाला, जाळी पाठीमागे धरून आतल्या बाजूला गेला आणि भाषणाचा सदरा शोधायला लागला.

*

तंबूत पस्तीसेक माणसं. बर्डी सोडून सगळी कोटात. वेंडेलही सदऱ्यात, ताज्या उबेतून आलेला. तो उत्तम बोलला. हीटर हा साधा प्राणी आहे म्हणाला, हशा घेतला. उतावळ्या माणसाचे स्क्रू सांगितले, हशा घेतला. बीन्स निथळणाऱ्या एका बाईचं उदाहरण दिलं, नाव न घेता. सगळ्यांनी बर्डीकडे बघितलं आणि बर्डीने हात उंचावून नमस्कार घेतला. मर्व्ह पहिल्या रांगेत वही उघडून बसला होता.

“काही शंका?”

शंका कोणाला नसायच्याच. पण मागून आर्डिसचा हात वर झाला. बायको वर्गात प्रश्न विचारते हे वेंडेलला नवीन होतं. त्याने कौतुकाने मान डोलावली.

“ज्यांचा हीटर या आठवड्यात थंड हवा फेकतोय,” आर्डिस उभी राहून म्हणाली, “त्यांनी जरा हात वर करा.”

कोणीच केला नाही. वाऱ्याने तंबू फडफडला. कोणीतरी शिंकलं.

“आमचा फेकत होता,” ती म्हणाली. “चार दिवस. आज सकाळी सातपर्यंत.” आणि तिने स्वतःचा हात वर केला.

वेंडेलने घोटभर पाणी घेतलं. डुएनने फिलिसकडे पाहिलं. फिलिसने गोधडीतून एक हात काढला, खांद्यापर्यंतच, खाज सुटल्यासारखा. मग डुएनने. मग मागची रांग. मग बाजूची. थोड्या वेळाने हात मोजायची गरज उरली नाही.

“अरे देवा,” बर्डी म्हणाली. “आणि तुम्ही सगळे रोज शेंगदाणे खात बसला होतात?”

“म्हटलं आमच्याच गाडीत काही असेल,” डुएन पुटपुटला. “त्याने एवढ्या प्रेमाने बसवून दिलेलं…”

“मर्व्ह,” आर्डिस म्हणाली, “तुझा चालतो?”

मर्व्हने बुटांकडे बघितलं. “चालतो.”

“जाळी लावून?”

“दिवसा लावून,” मर्व्ह म्हणाला. “रात्री काढतो. सकाळी हा फिरायला निघायच्या आधी परत बसवतो.”

“तुला माहीत होतं?”

“तीस वर्षं तेच काम केलं, आर्डिस. धुराच्या तोंडाला जाळी लावत नाहीत.”

“आणि धूर आत उलटला असता तर?”

मर्व्हने विचार केला. “तर थंडीची तक्रार कोणी केली नसती,” तो म्हणाला. “कुठलीच केली नसती.”

कोणी हसलं नाही. पस्तीस माणसं वेंडेलकडे बघायला लागली. त्यात राग नव्हता, हेच वाईट. ती वाट बघत होती, आणि तो काहीही बोलला असता तरी ती त्याला क्षमा करायला तयार होती. आर्डिस अजून उभीच होती. तीही वाट बघत होती.

वेंडेलने पत्रक उचललं. आवाज तयार होता. त्याचा आवाज नेहमीच आधी तयार असायचा.

“हाच माझा पुढचा मुद्दा,” तो म्हणाला. “जाळीची देखभाल. जाळी दर दोन दिवसांनी ब्रशने साफ करायची असते. हे मी नोव्हेंबरात सगळ्यांना सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही?”

मग डुएनने घसा साफ केला. “सांगितलं असशीलच तू,” तो म्हणाला. “आम्हीच लक्ष दिलं नसेल. चूक आमची.”

“सॉरी हं, वेंडेल,” फिलिस म्हणाली.

“सॉरी,” मागून दोघं-तिघं म्हणाले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मर्व्हने वहीत लिहून घेतलं : दर दोन दिवसांनी, ब्रश.

टाळ्या संपल्या तेव्हा आर्डिसची खुर्ची रिकामी होती.

*

ती बॅगेची चेन लावत होती. घरात मस्त ऊब होती. खिडक्यांवर वाफ धरली होती.

“गुरुवारपर्यंत म्हणाली होतीस,” वेंडेल दारातूनच म्हणाला. “गुरुवारपर्यंत झालं की नाही? तूच बघ थर्मोस्टॅट.”

“झालं.”

“मग?”

“माझा वाचायचा चष्मा दिसतो का तिकडे?”

त्याने टेबलावरचा चष्मा उचलून दिला. तिने डबीत घातला.

“नऊ वाजता मी बॅग रिकामी करत होते,” ती म्हणाली. “जाड मोजे परत खणात ठेवायला गेले. तुझ्या मोज्यांखाली सापडली जाळी. मला वाटलं, वर्गात सांगशील. सगळ्यांसमोर एकदम सांगायचं म्हणून घरात सांगितलं नसेल. असंही वाटलं मला, वेंडेल. दीड तास वाटत होतं.”

“मी सांगणारच होतो. तू मध्येच…”

“हं.”

“त्यांनी स्वतः मान्य केलं ना, चूक त्यांची! ऐकलंस ना तू?”

“ऐकलं.”

बाहेर बर्डीने हॉर्न दिला. आर्डिस एकदा खोकली. बॅग तिनेच उचलली. वेंडेल पुढे झाला तेव्हा ती पायरीवर पोचली होती. “कुत्र्याची गोळी सकाळची,” ती म्हणाली, “लोण्यात घालून दे, नाहीतर थुंकतो.”

“कधी येशील?”

“सोमवारी सांगितलंय मी.”

बर्डीने काच खाली केली. “प्रोफेसर,” ती ओरडली, “जाळी हवी असेल तर माझ्या पायरीवर ठेवलीय. धुतलीय.”

गाडी धुळीत शिरली, रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. वेंडेल आत आला. कुत्रा हवेच्या तोंडासमोर पाय पसरून पडला होता, त्याने डोकंही उचललं नाही. थर्मोस्टॅट बहात्तर फॅरनहाइट दाखवत होता. टक् झालं आणि हीटर बंद झाला, कारण आता आणखी गरम करायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. डुएन होता, हातात ब्रश घेऊन. त्याला विचारायचं होतं की आधी आतून घासायचं की बाहेरून.

“बाहेरून,” वेंडेल म्हणाला. “ये, दाखवतो.”

डुलुथच्या घराचा हीटर सव्वीस हिवाळे आर्डिस उघडायची, साफ करायची आणि पेटवायची, कारण वेंडेल भाषणांसाठी गावाला गेलेला असायचा.